जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर: बयाणा देण्याआधी काट्यावर न्या

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलंय: घरी 2.2 लिटर डिझेलची एसयूव्ही आहे, कुटुंब चौघांचं. नाशिककडे कुणीतरी सोळा फुटी, एका ॲक्सलचा, इथेच फॅब्रिकेट केलेला कॅरॅव्हॅन ट्रेलर विकतोय. आठ वर्षं जुना, मालकाच्या शब्दांत ‘फक्त 900 किलो’. गाडी तो ओढेल का, घाटात काय करायचं, पावसाळ्यात ठेवायचा कसा, आणि मुळात घ्यावा का? माझं तळोज्याला वर्कशॉप आहे. जनरेटरच्या ट्रॉल्या, बोटींचे ट्रेलर आणि अलीकडे कॅरॅव्हॅनच्या चेसिसही दुरुस्तीला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी ओढेल. आजकालच्या डिझेल इंजिनांना एवढा टॉर्क असतो की ओढण्याबद्दल शंका घ्यायला नको. शंका घ्यायची ती त्या 900 च्या आकड्यावर. ट्रेलर मागे नीट राहील का, घाटात थांबेल का, टायर टिकतील का, कागद खरे आहेत का, या सगळ्याची उत्तरं भरलेल्या ट्रेलरच्या खऱ्या वजनावर ठरतात. आणि जुना ट्रेलर विकणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते वजन माहीत नसतं. ते खोटं बोलतात असं नाही. फॅब्रिकेटरने पहिल्या दिवशी जो आकडा सांगितला तोच ते पुढे सांगत राहतात. त्यानंतर एसी बसला, बॅटऱ्या आल्या, मागे सायकलींचा स्टँड लागला, ते कुणी मोजलेलं नसतं.

हिशेब करून बघा. 900 किलोत चेसिस, बॉडी आणि फर्निचर धरू. पाण्याची टाकी 100 लिटरची असेल तर भरल्यावर 100 किलो. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या मिळून शंभराच्या वरच, 110 धरा. एसी 45, छोटा फ्रिज 25. गाद्या, भांडी, सिलिंडर, खुर्च्या, छत्रीचा कापडी मांडव, चौघांचे कपडे आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून टाकलेलं सामान 150. झाले 1,330. यात मी काही फुगवलेलं नाही. आता हा ट्रेलर जर 1,000 किलो सोसणाऱ्या ॲक्सलवर उभा असेल तर इंजिन कितीही दमदार असो, उपयोग नाही.

म्हणून मालकाला पहिली अट घाला: वजनकाट्यावर जायचं. भिवंडी, कळंबोली, तळोजा, नाशिकची एमआयडीसी, जिथे ट्रक आहेत तिथे काटा आहेच, आणि खर्च किरकोळ येतो. नुसता ट्रेलर गाडीपासून सोडून काट्यावर उभा करा, ते त्याचं पूर्ण वजन. मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्या, तो ॲक्सलवरचा भार. दोन्हीतला फरक म्हणजे गाडीच्या हिचवर, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या जागी, पडणारा भार. पण ट्रकचे काटे 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने दाखवतात, त्यामुळे हिचचा भार काट्यावरून अंदाजानेच कळतो. तो नेमका हवा असेल तर सपाट जागी बाथरूममधला वजनकाटा ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि ट्रेलरचं पुढचं टोक त्यावर टेकवा. उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी. ट्रेलर रिकामा असेल तर काट्यावरच्या आकड्यात वरचा हिशेब स्वतः मिळवायचा.

तीच पावती हातात घेऊन आरसी बघा. ट्रेलरला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर लागतो. गाडीचा नंबर मागे रंगवला की झालं, असं नसतं. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण भरलेलं वजन असे दोन आकडे असतात. रिकाम्या वजनात आणि काट्याच्या पावतीत पाव टनाचा फरक निघाला, तर एक तर ट्रेलर नंतर बदललाय किंवा आरसी दुसऱ्याच ट्रॉलीची आहे. दुसरा प्रकार तुम्हाला वाटतो तेवढा दुर्मीळ नाही. चेसिस नंबर पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर किंवा मुख्य बीमवर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबरच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजं वेल्डिंग दिसलं तर सौदा सोडा, चहा पिऊन घरी या.

आरसीवर वर्ग कोणता लिहिलाय तेही वाचा. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर आणि माल वाहणारा ट्रेलर या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. माल वाहणाऱ्याला फिटनेस, कर, परवाना यांचे वेगळे नियम लागू होतात. हस्तांतरणाला नेहमीचेच फॉर्म 29 आणि 30. ट्रेलर परराज्यातला असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, तीही मालकाच्या जबाबदारीवर आणि पैसे देण्याआधी. ‘नोंदणी नाही, पण कुणी अडवत नाही’ असं सांगणारे भेटतील. अडवत नाहीत हे बऱ्याचदा खरंही असतं. अपघात झाला की मात्र अडवतात, आणि पहिली अडवते ती विमा कंपनी. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर ओढण्याची नोंद करून घ्या आणि त्यांचं उत्तर लेखी ठेवा. एजंटने फोनवर ‘हो हो, चालतं’ म्हटलेलं कामाचं नाही. राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून लोकांचा उत्साह वाढलाय, पण या कागदांतून कुणाची सुटका झालेली नाही.

आता तुमची गाडी. मॉडेल तुम्ही सांगितलं नाही, त्यामुळे इथे थोडं ‘जर-तर’ येणारच. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत टोइंगचा आकडाच नसतो, काहींत ट्रेलर ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर माझं किंवा ॲक्सेसरीवाल्याचं मत तुमच्या कामाचं नाही. आकडा दिलेला असेल तर तो ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आहे की नसलेल्याचा, ते नीट वाचा. दोन्हींत खूप अंतर असतं. त्याखेरीज ब्रिटनमधले कॅरॅव्हॅनवाले नवशिक्यांना एक साधं माप सांगतात: भरलेला ट्रेलर गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जड नको. तुमची एसयूव्ही 1,900 किलोची धरली तर मर्यादा 1,615 वर येते. म्हणजे 1,330 चा ट्रेलर यात बसतो, पण गाडीच्या पुस्तिकेने होकार दिला तरच.

हिचबद्दल थोडक्यात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुणीही तासाभरात टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी दांडा, लावून देईल. तो गाडीच्या चेसिसला, त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या ब्रॅकेटने, मोठ्या बोल्टने आवळलेला हवा. बंपरच्या मागच्या पत्र्याला वेल्ड केलेला टो-बार सायकलींच्या स्टँडपुरता ठीक आहे. रिकव्हरीची कडी ट्रेलरसाठी नसतेच. आणि टो-बारवरच्या गोळ्याचा, म्हणजे बॉलचा, व्यास मोजा. युरोपियन माप 50 मिलिमीटर, अमेरिकन दोन इंच म्हणजे 50.8. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण 50 चा कपलर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) दोन इंची बॉलवर घट्ट अडकतो किंवा नीट बसतच नाही, आणि दोन इंची कपलर 50 च्या बॉलवर सैल राहतो. मोजायला व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा.

ब्रेकवर मात्र मी अडून बसतो. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे, आणि ती मर्यादा कुणी हवेतून काढलेली नाही. आपल्याकडे फॅब्रिकेट केलेल्या कित्येक ट्रेलरना ब्रेकच नसतो. मालक म्हणतो, ‘गाडीचे ब्रेक मजबूत आहेत.’ गाडीचे ब्रेक गाडीसाठी आहेत. वर हिशेब केलेल्या ट्रेलरला ब्रेक नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका, किंवा ब्रेकवाला ॲक्सल बसवण्याचा खर्च धरून भाव करा.

ब्रेक असेल तर तो दोनपैकी एक असतो. ओव्हररन प्रकारात गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, हिचमधला दांडा आत सरकतो आणि केबलने ड्रमचे ब्रेक लागतात. गाडीत वेगळं काही बसवावं लागत नाही. तपासायचा कसा? तो दांडा हाताने आत ढकला. तो जोर लावून आत गेला पाहिजे आणि सावकाश बाहेर आला पाहिजे. खटकन आत गेला तर आतला डँपर, म्हणजे धक्का शोषणारा भाग, संपलाय. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक. त्याला गाडीत कंट्रोलर लागतो, पण ब्रेकचा जोर तुमच्या हातात राहतो. दोन्हींत ब्रेकअवे केबल हवी, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागतील. सेफ्टी चेन दोन असतील तर हिचच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावा. कपलर निसटला तर तो त्या फुलीवर पडतो, रस्त्यात रुतत नाही.

चाकांकडे या. टायरची नक्षी बघून फसू नका. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या-उभ्या म्हातारे होतात. बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील किंवा बाजूच्या भिंतीला बारीक भेगा असतील तर नवे टायर धरूनच भाव करा, रिमोल्ड नकोत. टायर किती भार पेलतो ते सांगणारा लोड इंडेक्स वाचा. दोन टायर मिळून ॲक्सलवरचा पूर्ण भार पेलून वर थोडी शिल्लक राहिली पाहिजे. मग एक चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा आणि फिरवून आवाज ऐका. खडखड किंवा घरघर आली तर बेअरिंग गेलं. बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतं, त्यामुळे तेवढ्यावर सौदा मोडू नका. पण हब (बेअरिंग बसलेला चाकाचा मधला भाग) खोलल्यावर ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, आणि मग ब्रेकचे ड्रमही बघावे लागतील.

चेसिसखाली झोपायची लाज बाळगू नका. जुने कपडे, टॉर्च आणि एक मोठा स्क्रू ड्रायव्हर. नाशिकचा ट्रेलर कोरड्या हवेतला म्हणून बरा, असं तुम्ही लिहिलंय. आधी तो कुठे उभा होता ते विचारा. दोन वर्षं अलिबागला कुणाच्या वाडीत उभा असेल तर खाऱ्या वाऱ्याने काम केलेलंच असतं. खालून ताजा काळा रंग दिसला की मला पहिल्यांदा संशय येतो. वेल्डच्या जागी, स्प्रिंगच्या पाट्या चेसिसला जोडणाऱ्या शॅकलपाशी आणि पुढचा त्रिकोण मुख्य बीमला मिळतो तिथे स्क्रू ड्रायव्हर जोरात टोचा. पापुद्रा निघाला तर गंज वरवरचा आहे; टोक आत गेलं तर चेसिस गेली.

पण जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये सर्वात महागडी खराबी गंजाची नसते, ओलीची असते. ती आतल्या लाकडी सांगाड्यात असते, म्हणून फोटोत दिसत नाही. पाणी छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कोपऱ्यातून, एसीसाठी कापलेल्या भोकातून शिरतं आणि भिंतीच्या दोन थरांमध्ये बसून राहतं. बाहेरचा पत्रा किंवा फायबर फुगीर दिसला, आतला प्लाय बोटाने दाबल्यावर मऊ लागला, बोटाच्या पेराने ठोकल्यावर एका जागी टणक आणि शेजारी भद्द आवाज आला, तर सांगाडा कुजतोय. कपाटाच्या आत, पलंगाखालच्या पेटीत डोकं घालून वास घ्या. मालकाने अगरबत्ती किंवा एअर फ्रेशनर लावलेला असेल तर दारं बंद करून अर्धा तास थांबा, मग पुन्हा आत शिरा. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. नाशिकला आठ वर्षं टिकलेला सांधा इथे पहिल्याच जुलैत हार मानू शकतो. शक्य असेल तर बघायला पावसाळ्यात जा, नाहीतर मालकासमोर पाइपाने छतावर पाणी मारायला सांगा. त्याने नाही म्हटलं, तरी तुम्हाला उत्तर मिळालंच. सांधे नव्याने ब्यूटाइलने (रबरी सीलंटने) भरणं स्वस्त आहे. सांगाडा बदलणं म्हणजे अर्धा ट्रेलर नवा बांधणं.

दार कुठल्या बाजूला आहे तेही बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून दार डावीकडेच हवं. परदेशी नकाशा बघून बनवलेल्या काही ट्रेलरना ते उजवीकडे असतं आणि मुलं थेट रहदारीत उतरतात.

समजा, या सगळ्यातून ट्रेलर पास झाला. आता भरायचा कसा? बैलगाडी उलार झाली की जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ट्रेलरमध्ये मागे जास्त भार झाला की तुमच्या गाडीची मागची चाकं तशीच हलकी होतात, आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. म्हणून जड सामान खाली, ॲक्सलच्या आसपास आणि किंचित पुढे. हिचवर ट्रेलरच्या वजनाच्या किती टक्के भार हवा याबद्दल युरोपात 5 ते 7 आणि अमेरिकेत 10 ते 15 असं सांगतात, कारण त्यांच्या गाड्या आणि हिच वेगळ्या. मी आपल्या एसयूव्हीला 7-8 टक्के धरतो. 1,330 वर ते शंभरच्या आसपास येतं, पण टो-बारवर लिहिलेल्या मर्यादेच्या पुढे जायचं नाही. हा भार गाडीत बसलेल्या माणसांसारखाच गाडीच्या वजनात मोजायचा. पाण्याची टाकी मागे असेल तर प्रवासात रिकामी ठेवा आणि मुक्कामी भरा. आत माणसं बसवायची नाहीत, अगदी ‘मुलं झोपलीयेत’ असं असलं तरी. गॅस सिलिंडर 5 किलोचा, उभा आणि पट्ट्याने बांधलेला, निघताना रेग्युलेटर काढलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे त्या कप्प्याला जमिनीलगत जाळी हवीच.

ट्रेलर झुलायला लागला तर? बहुतेकदा याची सुरुवात उतारावर किंवा शेजारून लक्झरी बस सुसाट गेल्यावर होते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि हात स्टिअरिंग फिरवू लागतात, आणि दोन्हींनी झुलणं वाढतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि वेग आपोआप उतरू द्या. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर कंट्रोलरने फक्त ट्रेलरचा ब्रेक हलका दाबा. मग पुढे थांबून सामान बघा, टायरची हवा बघा. वाऱ्याला दोष देऊन पुढे जाऊ नका. वेगाचं म्हणाल तर मी चांगल्या रस्त्यावरही ताशी 60-65 ला थांबतो. 60 वरून 80 ला गेलात की थांबवायची ऊर्जा जवळजवळ 1.8 पट होते.

घाट. चढताना इंजिनचं तापमान बघा, गरज पडली तर एसी बंद करा, बाकी फार काही नाही. उतरताना खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण 500 मीटर खाली यायचं असतं, आणि ती सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये घालवायची नसते. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरने चढलात त्याच किंवा त्याच्याही खालच्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घ्या. ब्रेक सतत धरून ठेवू नका. थोडा वेळ ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा. ओव्हररन ब्रेकची इथे एक अडचण आहे: उतारभर ट्रेलर पुढे रेटत राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेक अर्धवट लागलेलेच राहतात आणि ड्रम तापतात. खाली आल्यावर थांबा आणि हात हबच्या जवळ न्या, लगेच चिकटवू नका. एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर त्या चाकाचा ब्रेक किंवा बेअरिंग बिघडलंय. आणि पहिल्या प्रवासात 50 किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळा.

तुम्हाला गुहागरला जायचंय असं लिहिलंय. पहिल्याच खेपेला नको. पनवेलपासून पुढचा महामार्ग कुठे उत्तम, कुठे काम चालू, आणि वळणाच्या पाट्या अचानक येतात. कशेडीचा घाट बोगद्यामुळे टळतो, पण चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट आहेच. दाभोळची फेरीबोट लांबचा वळसा वाचवते, पण उताराच्या धक्क्यावर लांब ट्रेलरची शेपटी घासते, आणि फेरीवर कधी रिव्हर्स घ्यावा लागेल याचा नेम नाही. आधी एका रविवारी रिकाम्या एमआयडीसीच्या रस्त्यावर जाऊन रिव्हर्स शिका. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात सरकवा. कोन वाढला की हट्ट न करता पुढे येऊन सरळ व्हा. मागे उभं राहून सांगणारा माणूस तुम्हाला आरशात दिसत नसेल तर थांबा. आरसेही रुंद लागतील, मूळच्या आरशांत फक्त ट्रेलरचा पत्रा दिसतो.

राहिलं ठेवायचं कुठे. मुलुंडच्या सोसायटीत सोळा फुटी ट्रेलर आत वळेल का, याहून सेक्रेटरी काय म्हणतील हा प्रश्न मोठा. ते ठरल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नका. माझ्याकडे येणारे बरेच जण कर्जत, मुरबाड, पनवेलच्या बाजूला ओळखीच्या फार्मवर ठेवतात. शेड असेल तर उत्तम. निळी ताडपत्री गच्च गुंडाळू नका, आत घाम धरून बुरशी येते. वरून छत आणि बाजूंनी वारा हवा. ॲक्सल स्टँडवर उचलून टायरवरचा भार काढा, पुढचा भाग किंचित वर ठेवा म्हणजे छतावर पाणी साचत नाही. चाकांना लाकडी ठोकळे लावा, पण हँडब्रेक ओढून ठेवू नका. चार महिन्यांच्या दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. आणि दसऱ्याला बाहेर काढताना गाडी जोडून एकदम ओढायच्या आधी दोन्ही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघा.